शाळेची डायरी आणि तबल्याची जोडी: पहिली-दुसरीच्या पालकांसाठी

जूनमध्ये शाळा सुरू होते. जुलैत गाण्याचा नाहीतर तबल्याचा क्लास लागतो. ऑगस्ट उजाडेपर्यंत घरात रोज काहीतरी राहून गेलेलं असतं: पीटीच्या दिवशी साधा गणवेश, क्लासच्या दिवशी शाळेत जादा तास, रात्री नऊला आठवलेला चार्ट पेपर. यात मुलाचा दोष फार थोडा असतो. सहा-सात वर्षांच्या मुलाकडून शाळेचे निरोप घरी आणि घरचे निरोप क्लासला पोचवण्याची अपेक्षा केली की घोळ होणारच. निरोप मोठ्यांनी मोठ्यांपर्यंत पोचवायचे आणि मुलाला फक्त त्याच्या हातातलं काम द्यायचं, ही एक गोष्ट मान्य केली की पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या होतात.

निरोप एका जागी आणा

शाळेचे निरोप तीन वाटांनी येतात: डायरीतून, वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून आणि मुलाच्या तोंडून. क्लासचा निरोप चौथ्या वाटेने येतो, बहुतेकदा सरांच्या किंवा ताईंच्या फोनवरून. चारही वाटा एका जागी आल्या नाहीत तर आईला एक माहीत असतं, बाबांना दुसरं, आणि आजी-आजोबा मुलाला आणायला निघतात तेव्हा त्यांना काहीच माहीत नसतं.

ती जागा म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीवरची दिनदर्शिका. मोठ्या चौकटींची, आजी-आजोबांनाही चष्म्याशिवाय दिसेल अशी. फोनमधलं कॅलेंडर ज्याच्या फोनमध्ये असतं त्यालाच दिसतं, म्हणून ते जोडीला असू द्या, पण मुख्य नको. दोन रंगांची पेनं दोऱ्याने बाजूला बांधून ठेवा. निळ्याने शाळा, लालने क्लास. जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेचं वार्षिक नियोजन मिळालं की त्यातल्या घटक चाचण्या, सत्र परीक्षा, दिवाळीची सुटी, स्नेहसंमेलन आणि पालक सभा एकाच बैठकीत उतरवून घ्या. क्लासच्या सुट्या आणि परीक्षेचा हंगाम त्याच दिवशी लाल पेनाने लिहा. दोन रंग एकाच चौकटीत आले की अडचण दोन महिने आधी दिसते, आणि तेव्हा ती सोडवायला एक फोन पुरतो.

मग रोज संध्याकाळी, शक्यतो दूध-खाऊ झाल्यावर, पंधरा मिनिटं. दप्तर उघडायचं, डायरी काढायची, ग्रुपवरचे दिवसभराचे संदेश वरपासून खालपर्यंत वाचायचे, लागू असेल ते भिंतीवर लिहायचं, डायरीवर सही करायची. हे काम रोज एकाच माणसाने करावं. दोघांनी वाटून घेतलं की ‘मला वाटलं तू बघितलंस’ असं व्हायला वेळ लागत नाही. घरातलं दुसरं मोठं माणूस सकाळी फक्त भिंतीकडे बघतं.

मुलाला प्रश्न विचारताना ‘आज काय सांगितलं?’ असं विचारू नका. उत्तर ‘काही नाही’ असंच येतं. ‘बाईंनी फळ्यावर डायरीसाठी काही लिहिलं का?’, ‘कुणी कागद वाटले का?’ असे नेमके प्रश्न विचारा. वाटलेले कागद बहुधा दप्तराच्या तळाशी, डब्याच्या खाली चुरगळलेले सापडतात. दप्तरात एक पातळ प्लॅस्टिकची फाइल ठेवा आणि ‘मिळालेला प्रत्येक कागद हिच्यात’ एवढं एकच काम मुलाला शिकवा. आठवडा-दोन आठवडे रोज आठवण करावी लागते, मग हाताला सवय होते.

दप्तर रात्रीच भरा

सकाळी भरलेल्या दप्तरात काहीतरी राहतंच. रात्री, जेवणाआधी भरा, आणि क्रम रोज तोच ठेवा: आधी सगळं बाहेर काढणं, मग वेळापत्रकाप्रमाणे पुस्तकं-वह्या, मग कंपास, मग डायरी आणि फाइल. ओळखपत्र, मोजे, रुमाल हे गणवेशासोबत हॅंगरवर. सकाळी दप्तरात जातो तो फक्त डबा आणि पाण्याची बाटली.

आधी सगळं बाहेर काढण्याला कारण आहे. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं असा सरकारी दंडक आहे. म्हणजे वीस किलोच्या मुलाच्या पाठीवर दोन किलो. न काढता नुसतं भरत गेलं की कालची पुस्तकं, दगड, अर्धा खोडरबर आणि परवाची केळ्याची साल असं सगळं धरून वजन सहज चार किलोवर जातं. घरच्या वजनकाट्यावर महिन्यातून एकदा दप्तर ठेवून बघा. जास्त भरलं तर आधी बाटलीकडे पाहा. एक लिटरची भरलेली बाटली म्हणजेच एक किलो. शाळेत प्यायच्या पाण्याची चांगली सोय असेल तर अर्ध्या लिटरची बाटली पुरते.

वस्तूंवर नावं घालताना नुसतं पहिलं नाव घालू नका. एका वर्गात एकाच नावाची तीन मुलं सहज असतात. नाव, आडनावाचं आद्याक्षर, इयत्ता आणि तुकडी असं लिहा. डबा-बाटलीवर कायम शाईच्या मार्करने लिहून वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली तर घासूनही महिना-दोन महिने टिकतं. झाकण आणि भांडं दोन्हींवर लिहा, कारण हरवतं ते झाकण. स्वेटर आणि रेनकोटला गळ्याच्या आतल्या पट्टीवर रंगीत दोऱ्याने दोन अक्षरं शिवून टाका. पावसाळ्यात एका वर्गाबाहेर तीस-चाळीस रेनकोट टांगलेले असतात आणि त्यातले निम्मे एकाच रंगाचे असतात.

आयत्या वेळचे गोंधळ

रात्री नऊला येणाऱ्या मागण्या ठरलेल्या असतात, म्हणून त्यांच्यासाठी एक खोका भरून ठेवता येतो. त्यात काय असावं: पांढरे आणि रंगीत मिळून चार चार्ट पेपर, घोटीव कागदाचं एक पाकीट, डिंकाची बाटली, क्रेप कागद, दोन कोऱ्या वह्या (एक चौकटीची, एक दुरेघी), तपकिरी कव्हरं आणि लेबलं, मुलाचे सहा पासपोर्ट फोटो, कुटुंबाचा एक फोटो, आधार कार्डाच्या आणि जन्मदाखल्याच्या तीन-तीन झेरॉक्स, आणि दहा-वीस रुपयांच्या सुट्या नोटा. जे वापरलं ते त्याच आठवड्यात परत भरायचं. हा खोका मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका, नाहीतर पंधरवड्यात डिंक संपतो.

डबा घरी राहिला तर लगेच शाळेत धाव घ्यायची गरज बहुधा नसते. शाळेच्या कार्यालयात फोन करा, वर्गशिक्षिकेला निरोप द्यायला सांगा. मधली सुटी व्हायला दीड तासाहून जास्त वेळ असेल आणि घर जवळ असेल तरच डबा नेऊन द्या, तोही फाटकावर नाव-तुकडीची चिठ्ठी लावून. मुलाला मात्र आधीच सांगून ठेवा की डबा नसेल तर बाईंना सांगायचं. लाजून उपाशी बसणारी मुलं खूप असतात.

ने-आणीतला गोंधळ सगळ्यात गंभीर, आणि तो हमखास क्लासच्या दिवशी होतो. रोज व्हॅनने घरी येणारं मूल मंगळवारी-गुरुवारी थेट क्लासला जाणार असेल तर हे तीन जणांना माहीत हवं: व्हॅनच्या काकांना, वर्गशिक्षिकेला आणि क्लासच्या सरांना. तिघांनाही वार आणि वेळ लिहून पाठवा. आयत्या वेळी बदल झाला तर तिघांनाही कळवा आणि तिघांकडून ‘ठीक आहे’ असं उत्तर आल्याशिवाय कळवलं असं समजू नका. मुलासोबत एक परवलीचा शब्द ठरवा. ओळखीचं असो वा अनोळखी, जो माणूस तो शब्द सांगणार नाही त्याच्यासोबत जायचं नाही. शब्द एकदा वापरला की बदलायचा.

पावसाळ्यात मुंबई-कोकणपासून कोल्हापूर-गडचिरोलीपर्यंत अनेक जिल्ह्यांत अतिवृष्टीची सुटी जिल्हाधिकारी जाहीर करतात, आणि ती कधी रात्री उशिरा, कधी पहाटे कळते. ग्रुपवर फिरणाऱ्या पत्राची आधी तारीख वाचा, मग जिल्हा. मागच्या वर्षीचं पत्र पुन्हा फिरणं किंवा शेजारच्या जिल्ह्याचं पत्र आपल्याकडे येणं नेहमीचं आहे. शाळेच्या अधिकृत संदेशाशिवाय सुटी पक्की धरू नका. शाळेला सुटी म्हणजे क्लासलाही सुटी असं नसतं, आणि उलटंही नसतं. सरांना वेगळं विचारा.

वर्गाच्या ग्रुपबद्दल थोडक्यात. डायरीत लिहिलेलं ग्रुपवर विचारू नका. मूल आजारी असल्यामुळे अभ्यास हवा असेल तर दोन-तीन ठरलेल्या पालकांना वेगळा संदेश करा आणि नेमकं मागा: ‘आजच्या मराठीच्या आणि गणिताच्या वहीच्या शेवटच्या दोन पानांचे फोटो पाठवाल का?’ दुसऱ्याच्या मुलाबद्दलची तक्रार ग्रुपवर कधीच लिहू नये. त्या मुलाचे आई-वडील तिथेच असतात, आणि मुलं दुसऱ्या दिवशी एकाच बाकावर बसणार असतात.

बाईंना काय आणि कसं लिहायचं

एका वर्गात चाळीस-पन्नास मुलं असली की बाईंना एका डायरीसाठी अर्धं मिनिट मिळतं. म्हणून चिठ्ठी तीन ओळींची: काय झालं, तुम्ही काय करणार, बाईंकडून काय हवं. उदाहरणार्थ:

‘स. न. वि. वि. काल बुधवारी ताप असल्यामुळे मुलगा शाळेत आला नाही. राहिलेला अभ्यास शुक्रवारपर्यंत पूर्ण करून घेते. आजचा दिवस त्याला खेळाच्या तासाला वर्गात बसू द्यावे, ही विनंती.’

मूल घरी येऊन म्हणालं, ‘बाई मला रागावल्या’, तर त्या रात्री काही लिहू नका. सकाळपर्यंत गोष्टीचे आणखी दोन तुकडे मुलाच्या तोंडून बाहेर येतात. तरीही विचारावंसं वाटलं तर मुलाच्या देखत नको, शाळा सुटल्यावर किंवा पालक सभेत, आणि सुरुवात ‘त्याला नीट सांगता येत नाहीये, वर्गात काय झालं होतं?’ अशी करा. बाई स्वतःहून सविस्तर सांगतात.

नाव एकसारखं ठेवा

हा घोळ पहिलीत दिसत नाही, दहावीत दिसतो, आणि शाळा व संगीत दोन्हींकडे एकदमच भोवतो. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव बहुतेकदा आडनावापासून सुरू होतं, आधार कार्डावर स्वतःच्या नावापासून. इंग्रजी अक्षरांत कुठे एक ‘ए’ जास्त, कुठे ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’. संगीताच्या परीक्षेचा अर्ज तर पुष्कळदा क्लासमध्ये घाईने भरला जातो, त्यात वडिलांचं नाव गाळलं जातं किंवा घरातलं लाडाचं नाव पडतं.

पहिल्या प्रवेशाच्या महिन्यातच जन्मदाखला, आधार आणि शाळेची नोंद तिन्ही शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. जन्मतारीखही. मूल शाळेत शिकत असतानाच जन्मदाखल्यासह मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करा. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला की दुरुस्ती फार किचकट होते. दुरुस्त झालेलं नाव मराठीत आणि इंग्रजीत एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. यापुढे शाळेचा, क्लासचा, स्पर्धेचा कोणताही अर्ज त्या फोटोवरून बघून भरायचा, आठवणीतून नाही.

क्लास कधी आणि कोणता

मूल पाच मिनिटं एका जागी मांडी घालून बसतं, ऐकलेली छोटी ओळ म्हणून दाखवतं आणि टाळीवर टाळी देतं, तेव्हा त्याला क्लासमध्ये घालायला हरकत नाही. बहुतेक मुलांच्या बाबतीत ते वय सहा-सातच्या आसपास येतं. पहिलीच्या पहिल्याच महिन्यात मात्र क्लास लावू नका. नवी शाळा, नवा वर्ग, नवी झोप हे बसायला गणपतीपर्यंतचा वेळ जातो. गणपतीनंतर किंवा दिवाळीच्या सुटीनंतर सुरुवात केली तर मूल टिकतं.

दोन-तीन क्लासमध्ये जाऊन एक तास मागे बसून बघा. बघायचं काय? एका गटात किती मुलं आहेत. लहानांसाठी पाच-सहाच्या वर असतील तर सरांचं लक्ष प्रत्येकाच्या हाताकडे जात नाही. सर मुलाचा हात धरून बोट जागेवर ठेवतात का. चुकलेलं सरळ पुन्हा करवून घेतात का नुसतं ‘घरी बघ’ म्हणतात. मग हे चार प्रश्न विचारून घ्या: फी महिन्याची की तासांची, मूल आजारी पडलं तर बुडालेला तास भरून मिळतो का, शाळेच्या परीक्षेच्या दिवसांत वेळ बदलते का, आणि वाद्य घरी कधी घ्यायचं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘लगेच आणि माझ्याकडूनच’ असं आलं तर जरा थांबा. चांगले गुरुजी बहुधा दोन-तीन महिने थांबायला सांगतात.

गायन, तबला की पेटी हे शक्यतो मुलाला तिन्ही ऐकवून, हात लावू देऊन ठरवावं. गाणाऱ्या लहान मुलांचा सूर उंच असतो. मुलगा असो वा मुलगी, पेटीची चौथी किंवा पाचवी काळी पट्टी ‘सा’ धरून, म्हणजे काळी चार ते काळी पाचच्या आसपास, त्यांना सोपं जातं. घरी वडील काळी एकला गातात म्हणून मुलालाही तिथेच गायला लावू नका. खाली ओढलेला आवाज घोगरा होतो आणि सूर लागत नाही. तंबोऱ्यासाठी फोनवरचं अॅप सुरुवातीला चालतं, फक्त फोनच्या स्पीकरपेक्षा छोट्या वेगळ्या स्पीकरवर लावा, म्हणजे खर्जाची, सगळ्यात खालच्या सुराची तार ऐकू येते. मुलाची पट्टी, म्हणजे त्याचा ‘सा’ कुठे धरायचा ते, सरांकडून लिहून आणा. तंबोऱ्याची पहिली तार रागाप्रमाणे बदलते, भूप रागाला पंचम (प), मालकंसात पंचम नसल्यामुळे मध्यम (म). हे सर सांगतील तसं ठेवा.

मूल डावखुरं असेल तर तबल्याच्या सरांना पहिल्याच दिवशी सांगा. जोडी उलटी लावायची की नाही हे सुरुवातीलाच ठरायला हवं. वर्षभराने हात बदलणं फार जड जातं.

तबल्याची जोडी घेताना

जोडी सरांना सोबत घेऊन किंवा निदान त्यांच्याकडून पट्टी आणि माप लिहून घेऊनच घ्या. उजव्या हाताचा तबला लाकडी असतो. शिसव चांगलं, जड असलेलं बरं, कारण हलका तबला वाजवताना सरकतो. तोंडाचा व्यास जितका लहान तितका सूर उंच. काळी एकचा तबला साधारण साडेपाच इंची तोंडाचा असतो. छोट्या हाताला पाच-सव्वापाच इंची, थोडा वरच्या सुराचा तबला बरा पडतो. डाव्या हाताचा डग्गा तांब्याचा किंवा पितळेचा, वजनदार. पातळ पत्र्याचा डग्गा स्वस्त मिळतो, पण त्याचा नाद पोकळ येतो आणि मुलाच्या मनगटाखाली तो डुलतो.

दुकानात या गोष्टी पाहा. पुडीवरची, म्हणजे तोंडावर ताणलेल्या कातड्यावरची शाई, मधला काळा गोल, एकसारखी घट्ट हवी. तिच्यात भेग किंवा उडालेला कण असेल तर आवाजात खरखर येते. चाट, म्हणजे पुडीच्या कडेची कातड्याची वरची पट्टी, कुठेही सुटलेली नको. गजरा, म्हणजे कडेची चामड्याची वेणी, सोळा घरांत वादीने, म्हणजे चामड्याच्या लांब पट्टीने आवळलेला असतो. समोरासमोरच्या घरांवर बोटाने ‘ना’ हा बोल वाजवून बघा. सगळीकडे एकच सूर यायला हवा. एखाद्या घरात सूर उतरत असेल तर दुकानदाराला तिथल्या तिथे मिळवून द्यायला सांगा. मिळवता येत नसेल तर ती जोडी घेऊ नका. गठ्ठे, म्हणजे वादीखाली अडकवलेले लाकडी गुटके, अगदी तळाशी गेलेले असतील तर पुडी आधीच ताणलेली आहे, पुढे सूर चढवायला जागाच उरलेली नाही. नट-बोल्टची जोडीही मिळते. तिचा सूर पान्याने मिळवता येतो, घरच्यांना सोपं जातं; पण काही गुरुजींना ती चालत नाही, म्हणून आधी विचारा. जोडीबरोबर दोन चुंबळी (तबला-डग्ग्याखाली ठेवायच्या गोल गाद्या), हातोडी, कापडी आच्छादन आणि पिशवी मागून घ्या.

हातोडी मुलाच्या हातात देऊ नका. गजऱ्यावर वरून ठोकलं की सूर चढतो, खालून वर ठोकलं की उतरतो, इतकं सोपं ते दिसतं, पण एक घाव चाटीवर पडला की पुडी फाटते. सरांकडून एकदा शिकून मोठ्यांनीच करावं. थोडा फरक गजऱ्यावरून, जास्त फरक गठ्ठ्यांवरून, आणि नेहमी एक घर झालं की त्याच्या समोरचं घर.

पावसाळ्यात कातडं दमट होऊन सैल पडतं आणि सूर उतरतो. मग तो चढवण्यासाठी ठोकठोक केली जाते, ऑक्टोबरच्या उन्हात कातडं आखडतं आणि एका दुपारी पुडी आपोआप फाटते. म्हणून पावसाळ्यात चढवलेला सूर ऊन पडायला लागल्यावर आधी थोडा उतरवून ठेवायचा. जोडी खिडकीजवळ, भिंतीला टेकून किंवा थेट पंख्याखाली ठेवू नका. पुडीवर पाणी, ओला रुमाल, तेल काहीही नको. हाताला घाम येत असेल तर पावडर तळहातावर घ्यायची, पुडीवर टाकायची नाही. ती शाईच्या बारीक भेगांत जाऊन बसते.

पेटीचं थोडक्यात: तीन ते साडेतीन सप्तकांची पुरते. दुकानात एकही पट्टी न दाबता भाता भरून हात सोडा. हवा भर्रकन निघून गेली तर पेटी गळकी आहे. घरी पेटी झाकून ठेवा, झुरळं आत गेली की चामडं आणि फेल्ट खातात.

तंतुवाद्याकडे मुलाचा ओढा असेल तर एकदा मिरजेला जाऊन या. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळ्यापासून वाद्य घडताना बघितलेलं मूल त्या वाद्याला वेगळ्याच काळजीने हात लावतं.

रोजचा रियाज

दिवसाला पंधरा मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस. रविवारी दीड तास बसवून आठवड्याची भरपाई होत नाही, बोटं तसं शिकत नाहीत. वेळ शाळेशी बांधा: शाळेतून येऊन खाणं झाल्यावर, गृहपाठाच्या आधी. गृहपाठानंतर ठेवलेला रियाज गृहपाठ लांबला की बुडतो. बैठक ठरलेली असू द्या, सतरंजी तीच, जागा तीच, आणि तबला झाकून तिथेच ठेवलेला. बाहेर काढायला पाच मिनिटं लागत असतील तर रियाज होत नाही. सोसायटीत राहत असाल तर दुपारी दोन ते चार आणि रात्री आठनंतर वाजवू नका, आणि वरच्या-खालच्या घरी एकदा जाऊन वेळ सांगून या.

पंधरा मिनिटांची वाटणी अशी: पहिली तीन मिनिटं सुटे बोल, ना, तीं, घे, के. मधली आठ मिनिटं क्लासमध्ये दिलेला धडा. शेवटची चार मिनिटं तीनतालाचा ठेका सावकाश, सेकंदाला एक मात्रा.

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

तुम्हाला तबला येत नसला तरी टाळी धरता येते. एक, पाच आणि तेरा या मात्रांवर टाळी, नववीवर हात उघडा ठेवून खाली, म्हणजे काल. मूल वाजवत असताना तुम्ही समोर बसून टाळी-काल धरला की लय धावत नाही, आणि मुलालाही सोबत वाटते.

हाताकडे बघायला शिका, कानापेक्षा ते सोपं आहे. ‘ना’ वाजवताना तर्जनी चाटीवर पडते आणि लगेच उठते. अनामिका शाईच्या कडेवर हलकी टेकलेली राहते. मुलं सगळा पंजा दाबतात, मग ‘ना’ ऐवजी ‘टप्प’ असा बंद आवाज येतो. डग्ग्यावर मनगट टेकलेलं असायला हवं. डग्ग्याची शाई मधोमध नसते; जिकडे मोकळी जागा जास्त ती बाजू मुलाकडे यायला हवी. जोडी पुसून परत ठेवताना डग्गा फिरतो आणि ‘घे’ नीट का निघत नाही हे दोन दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. बसण्यापूर्वी एवढं एक बघत जा.

क्लासच्या शेवटी, सरांची परवानगी घेऊन, नवा धडा सर वाजवत असताना एक मिनिटाचं चित्रण करून घ्या. घरी चुकीचं घोटलेलं सुधारायला क्लासचे दोन तास जातात, म्हणून ‘असंच होतं का?’ असा वाद झाला की चित्रण बघायचं. त्यावर तुमचा अंदाज नको.

चाचणीच्या आठवड्यात रियाज सात-आठ मिनिटांवर आणा, पण बंद करू नका. स्नेहसंमेलनाच्या तालमी डिसेंबर-जानेवारीत क्लासच्या वेळेवर येतात. तालमीचं वेळापत्रक मिळालं त्याच दिवशी सरांना पाठवा. शाळेत मुलाला गाणं म्हणायला सांगितलं असेल तर पट्टी संगीताच्या बाईंना विचारून घ्या. सगळ्या वर्गासाठी ठरवलेली पट्टी आपल्या मुलाला खाली पडत असेल तर नम्रपणे सांगता येतं, आणि बहुधा ऐकलंही जातं.

परीक्षा

महाराष्ट्रात बहुतेक क्लास अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलांना बसवतात. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या निधनानंतर १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ स्थापन केलं. परीक्षांचा क्रम असा: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारद आणि अलंकार. पहिल्या दोन परीक्षा तोंडी-प्रात्यक्षिक असतात, प्रवेशिका पूर्णपासून लेखी पेपर येतो. सत्रं वर्षातून दोन, एक उन्हाळ्यात, एक दिवाळीनंतर. अर्ज काही महिने आधी भरले जातात, म्हणून सरांनी विचारलं की शाळेचं वेळापत्रक त्याच क्षणी भिंतीवर बघून सांगा.

प्रारंभिकला बसवण्याची घाई नको. दीड-दोन वर्षं शिकल्यावर मूल परीक्षकांसमोर न घाबरता वाजवतं. अर्जावर शाळेच्या नोंदीतलंच नाव घाला. दहावीला शास्त्रीय कलांच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना राज्य मंडळ वाढीव गुण देतं, त्यासाठीचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो, आणि प्रमाणपत्रावरचं नाव शाळेच्या नोंदीशी जुळलं नाही तर धावाधाव होते. मूळ प्रमाणपत्रं एका फाइलीत ठेवा आणि नववी संपतानाच शाळेच्या कार्यालयात प्रस्तावाची मुदत विचारून ठेवा.

मुलाला नकोसं झालं तर

क्लासच्या दिवशी पोटात दुखायला लागलं, तर आधी वेळ तपासा. शाळा सुटल्यावर अर्ध्या तासात क्लास असेल तर मूल भुकेलं आणि दमलेलं असतं; वेळ तासभर पुढे नेल्यावर तक्रार बऱ्याचदा थांबते. मग धडा तपासा: एकच धडा दीड महिना चालला असेल तर सरांना सांगा, ते मधे एखादा सोपा तुकडा किंवा ओळखीचं भजन साथीला देतील. मुलग्यांचा आवाज बारा-चौदाव्या वर्षी फुटतो, तेव्हा गाणाऱ्या मुलाला सूर सापडेनासा होतो. त्या काळात वरच्या सप्तकात ताणून गाऊ देऊ नका, पट्टी खाली घ्या, रियाज कमी करा. काही महिन्यांसाठी पेटी किंवा तबल्याकडे वळवलं तरी चालतं.

हे सगळं करूनही मूल खरोखर रमत नसेल तर सत्राच्या शेवटी थांबवा, मधेच नाही. सरांना महिनाभर आधी स्वतः जाऊन सांगा, मुलाला सोबत घेऊन, आणि मुलाला त्यांना नमस्कार करू द्या. जोडी लगेच विकू नका. सूर उतरवून, कोरड्या कपड्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवा. चौथी-पाचवीत मुलं पुष्कळदा आपणहून विचारायला येतात.